निळं नागमोडी, तांबडं आडवं

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माझा पेपर तांबड्या रेघांनी भरून माझ्यासमोर आला. शाळेत असं झालं की निदान बाईंवर राग काढता यायचा. इथे रेघा मारायला लावणारा मीच, आणि ज्यांच्यावर त्या मारल्या गेल्या ती वाक्यंही माझीच.

त्याचं असं झालं. मी भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. बढतीच्या फायलीला शोधनिबंध लागतो, म्हणून माझ्या गुरूंच्या, म्हणजे सरांच्या, मार्गदर्शनाखाली एक लिहिला आणि परदेशातल्या एका नियतकालिकाकडे धाडला. पाच महिन्यांनी उत्तर आलं. परीक्षक दोन. पहिल्याने चार ओळींत आशीर्वाद दिला होता. दुसऱ्याने साडेतीन पानं लिहिली होती. शोधनिबंधांच्या जगात दुसरा परीक्षक हा लग्नातल्या रुसलेल्या मानकऱ्यासारखा असतो. तो प्रत्येक कार्यात असतोच, आणि त्याची समजूत काढल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. खाली संपादकांची नम्र विनंती होती: सुधारलेल्या मसुद्यासोबत, जुन्यात आणि नव्यात काय बदललं ते खुणा करून दाखवणारी तिसरी प्रतही जोडावी.

एवढंच ना, असं मला वाटलं. चौदा पानं तर आहेत. त्या संध्याकाळी दोन्ही मसुदे छापून आणले आणि बायकोला म्हटलं, "तू जुनं मोठ्याने वाच, मी नव्यात बघत जातो."

त्या वेळी माझे काका घरी होते. काका पुण्यातल्या एका छापखान्यात आधी खिळे जुळवायचे, नंतर बढती मिळून मुद्रितशोधक झाले. आता वय चौऱ्याऐंशी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पण समोर छापलेला कागद आला की हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे जातो. लग्नपत्रिका आली तरी आधी चुका शोधतात, मग नवरा कोण ते बघतात. ते खुश झाले. "हीच खरी पद्धत. एकाने मूळ प्रत वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची. आम्ही तर स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने वाचायचो."

बायकोने सुरुवात केली. इंग्रजी होतं तोवर ठीक चाललं. पहिलं समीकरण आलं आणि ती थांबली.

"अहो, हे काय आहे?"

"जसं दिसतं तसं वाच."

तिने वाचलं, "उलटा समोसा, त्रिशूळ, बरोबर मोडकी जिलबी, भागिले पोटात काठी घातलेला शून्य, कंसात बारका त्रिशूळ." तिसऱ्या पानावर त्रिशूळ की तुळशीवृंदावन यावरून वाद झाला. चौथ्या पानावर तिला भूक लागली. पाचव्या पानावर लक्षात आलं की तीही नवाच मसुदा वाचतेय आणि मीही नवाच बघतोय. म्हणूनच इतका वेळ एकही फरक सापडला नव्हता.

वर्डमध्ये लिहिणाऱ्यांना हे दुःख कळायचं नाही. त्यांच्याकडे 'ट्रॅक चेंजेस' नावाचं बटण असतं. ते दाबलं की तुम्ही काय खोडलंत आणि काय घातलंत याची नोंद यंत्र स्वतःच ठेवतं. पण गणिताचा, भौतिकीचा माणूस वर्डमध्ये लिहीत नाही. तो लॅटेकमध्ये लिहितो. हे मी दोडामार्गच्या मामांना फोनवर सांगितलं, तेव्हा मी रबराच्या चिकाच्या धंद्यात पडलो असं त्यांना वाटलं आणि त्यांनी प्रेमाने झाडांच्या रोपांचे भाव सांगितले.

लॅटेकच्या मुळाशी आहे टेक, आणि टेकच्या मुळाशी आहे एका लेखकाचा संताप. डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ साली आपल्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहिली. शिशाच्या खिळ्यांची जुनी सुबक छपाई जाऊन फोटोवरची नवी जुळणी आली होती. ती त्यांना इतकी कुरूप वाटली की त्यांनी ग्रंथ बाजूला ठेवला आणि अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली लिहायला घेतली. वर्षभरात उरकेल असा अंदाज होता. सुमारे दहा वर्षं लागली. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर लॅटेक उभारलं आणि ते आमच्यासारख्यांच्या हाती आलं. काकांना ही गोष्ट फार आवडली. प्रुफं पसंत पडली नाहीत म्हणून छापखान्यात येऊन भांडणारे लेखक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. नवा छापखानाच काढणारा हा पहिला.

"चुका सापडल्या तर काय करतो?" काकांनी विचारलं.

"ग्रंथातल्या चुकीला दोन डॉलर छप्पन्न सेंट देतो. २००८ पर्यंत चेक पाठवायचा."

हे खरं आहे. २५६ सेंट म्हणजे सोळाच्या हिशेबातला एक डॉलर, असा तो गणिती विनोद आहे. टेकच्या आवृत्तीचा क्रमांकही दर सुधारणेला पायच्या किमतीकडे एक घर सरकतो. आत्ता तो ३.१४१५९२६५३ इतका आहे. आपल्या पश्चात तो थेट पाय करावा, आणि तोवर ज्या चुका उरतील त्या चुका न मानता गुणधर्म मानाव्यात, असंही कनूथ यांनी लिहून ठेवलं आहे. काका हिशेब करत गप्प बसले. आयुष्यात आपण पकडलेल्या चुकांना या दराने गुणून झाल्यावर म्हणाले, "आमच्या मालकांनी एक चहा वाढवला होता. सकाळचा."

तर लॅटेकमध्ये लिहिलेला लेख म्हणजे साधा मजकूर, मध्ये मध्ये आज्ञा पेरलेला. दोन मजकुरांतला फरक काढायला 'डिफ' नावाची जुनी आज्ञा आहे, डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये लिहिलेली. तिचं काम पंगतीसारखं आहे. दोन वेळच्या पंगतींचे फोटो समोर ठेवायचे, आणि तीच माणसं त्याच क्रमाने बसली आहेत अशी लांबात लांब रांग शोधायची. ती रांग म्हणजे न बदललेलं. बाकीचे एकतर उठून गेले किंवा नव्याने आले. फक्त डिफ माणसं मोजत नाही, ओळी मोजते. मी नवा मसुदा करताना ओळींची लांबी सारखी करून घेतली होती, नुसती दिसायला बरी म्हणून. त्यामुळे प्रत्येक ओळ एकेका शब्दाने पुढे सरकली होती. डिफने निकाल दिला: सगळी पंगत उठली, सगळी नवी बसली.

शेवटी माझी एक विद्यार्थिनी मदतीला धावली. "सर, लॅटेकडिफ वापरा ना." हा फ्रेडरिक टिलमन या भूकंपशास्त्रज्ञाने पर्ल भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम. तो ओळी सोडून शब्द बघतो, लॅटेकच्या आज्ञा ओळखतो, आणि जुनी व नवी फाइल दिली की तिसरी तयार करतो. तिच्यात काढलेला मजकूर तांबडा, वर आडवी रेघ मारलेला. घातलेला मजकूर निळा, खाली नागमोडी रेघ ओढलेला. न बदललेलं काळं. हा प्रोग्रॅम हादरे मोजणाऱ्या माणसालाच का सुचला, ते मला पहिली प्रत हाती आल्यावर कळलं.

ती हाती यायलाही वेळ लागला. आधी संगणक म्हणाला, 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड'. लॅटेकमध्ये गणित सुरू करताना आणि संपवताना डॉलरची खूण द्यावी लागते, आणि खोडाखोडीत एक निसटली होती. बायको मागून वाचत होती. म्हणाली, "आपल्याकडे होता कधी?" मग एका कोष्टकाने दगा दिला. मग समीकरणांनी. लॅटेकडिफला समीकरण किती बारकाईने कापायचं ते सांगता येतं. बारीक कापायला सांगितलं, तेव्हा एका समीकरणात जुना त्रिशूळ, नवी जिलबी आणि दोघांच्या मध्ये बिचारं बरोबरचं चिन्ह अशी पावभाजी झाली. 'अख्खं घे' सांगितल्यावर जुनं समीकरण सबंध काढलं आणि नवं सबंध घातलं, एकाखाली एक. आता निबंधात प्रत्येक नियम दोनदा होता. एकदा चुकीचा आणि एकदा, देवाच्या कृपेने, थोडा कमी चुकीचा.

संदर्भांचं वेगळंच. संदर्भांची यादी हा प्रोग्रॅम एका डब्यात बंद करून ठेवतो आणि डबा ओळीच्या शेवटी वळत नाही. त्यामुळे सहा-सात ग्रंथकार हातात हात घालून समासाबाहेर लोंबत होते, गणपतीतल्या एसटीच्या दाराशी लोंबतात तसे. नव्या आकृतीभोवती निळी चौकट आली. पर्याय निवडला तर काढलेली आकृतीही दिसते, लहान करून, वर तांबडी फुली मारून. मी निवडला. माझ्या सर्वांत आवडत्या आलेखाचा असा फोटो पाहून मला दुपारचं जेवण गेलं नाही.

पहिली नीट प्रत मी सरांना पाठवली आणि रात्री साडेदहाला फोन आला.

"अरे, मी सुचवलेली सगळी वाक्यं खोडलीस?"

सर सौम्य माणूस. त्यांचा आवाज कापत होता. बघतो तर मी फायली उलट्या क्रमाने दिल्या होत्या, आधी नवी, मग जुनी. लॅटेकडिफने इमानाने त्यांचं सगळं तांबडं केलं होतं आणि माझ्या मूळच्या चुका निळ्या, सुधारणा म्हणून. आज्ञाधारकपणा माणसात असो की यंत्रात, तो रात्री साडेदहाला त्रासच देतो.

दुसऱ्या दिवशी क्रम सरळ केला, पण नवंच दुःख समोर आलं. सरांनी तिसऱ्या मसुद्यात 'मे' काढून 'माइट' केलं होतं. चौथ्यात मी 'कुड' केलं. पाचव्यात सरांनी विचारान्ती पुन्हा 'मे' केलं. या एका क्रियापदावर आम्ही दोन रविवार घालवले होते. पहिल्या आणि शेवटच्या मसुद्याची तुलना केली तर तिथे काहीच खूण नाही. काळं! दोन रविवार काळे. उलट, एक परिच्छेद नुसता उचलून चौथ्या पानावरून सहाव्यावर ठेवला, पाच सेकंदांचं काम, तर चौथं पान तांबडं झालं आणि सहावं निळं. पंगतीत जागा बदलून बसलेला माणूस या यंत्राला ओळखू येत नाही. त्याच्या लेखी तो इथे वारला आणि तिथे जन्मला.

शिवाय एका वजाच्या चिन्हाने घात केला. पहिल्या मसुद्यात ते अधिक होतं. दोन्ही परीक्षकांच्या नजरेतून सुटलेलं. मी गुपचूप दुरुस्त करून टाकायचं ठरवलं होतं. पण लॅटेकडिफने ते निळंशार करून पानाच्या मधोमध टांगलं. दुसऱ्या परीक्षकाने पुढच्या फेरीत तेवढंच विचारलं: हे का बदललं?

अशा वेळी जुन्या लेखनिकांचा हेवा वाटतो. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की ते त्यावर हरताळ लावायचे, पिवळ्या खनिजाचा लेप. चूक झाकली जायची, सुकल्यावर वर लिहिता यायचं, आणि खाली काय होतं ते लेखनिक आणि देव यांच्यात राहायचं. 'हरताळ फासणे' आपण आज वाईट अर्थाने म्हणतो, पण मूळ सोय किती माणुसकीची होती! अक्षर गळलंच असेल तर ओळीत कावळ्याच्या पायासारखी बारीक खूण करायची, तिचं नाव काकपद, आणि गळलेलं समासात लिहायचं. काकांची पेन्सिल अजून तेच करते.

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि शेवटी बजावून ठेवलं की यात कुणी आता पदरची भर घालणं म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणं. पण काय काढलं आणि काय घातलं याची निळी-तांबडी प्रत नाथांनी जोडलेली नाही. त्यांना दुसरा परीक्षक नव्हता.

ती प्रत जोडण्याची हौस पुण्याने पुढे भागवली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. १९६६ साली ते पुरं झालं. १२५९ हस्तलिखितं गोळा केली, ताडली, आणि कोणत्या पोथीत कोणता शब्द वेगळा ते पानापानाच्या तळाशी नोंदलं. संगणक नाही, पर्ल नाही, उलटा समोसा वाचायला बायकोही नाही. त्या आवृत्तीत एक गोष्ट पाहून मी थबकलो. ज्या पाठाबद्दल संपादकांची पुरती खात्री नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ छापलेली आहे! तिथे नागमोडी रेघेचा अर्थ 'खात्री नाही'. माझ्या निबंधात नागमोडी रेघेचा अर्थ 'नव्याने घातलेलं'. विचार केल्यावर दोन्ही अर्थ एकच निघाले.

दुसऱ्या फेरीपर्यंत मी तयार झालो होतो. परीक्षकाला निळं दिसलं पाहिजे, हे मर्म मला उमगलं होतं. तो चौदा पानं पुन्हा वाचणार नाही. तो निळं शोधणार. मग मी काही ठिकाणी केवळ रंगासाठी शब्द बदलले. 'सो'चं 'देअरफोर' केलं, 'यूज'चं 'युटिलाइज'. सोबतच्या पत्रात प्रत्येक मुद्द्याला 'परीक्षकांच्या मार्मिक सूचनेबद्दल आम्ही ऋणी आहोत' असं लिहून पुढे पान आणि ओळ दिली. सरांनीही निळंच वाचलं. मीही निळंच वाचलं. काका एकदा डोकावले आणि म्हणाले, "नुसतं रंगीत काय वाचतोस? छापखान्यात आम्ही दुरुस्त केलेली ओळ वाचायचोच, पण आधी तिच्या शेजारच्या वाचायचो. एक खिळा बदलायला चिमटा घातला की शेजारचा हलतो."

"काका, यात खिळे नसतात. न बदललेलं हे यंत्र काळं ठेवतं. ते बघायची गरजच नाही."

"आणि राहू द्या कसं करतोस?"

"म्हणजे?"

"एखादी दुरुस्ती केली, मग वाटलं मूळचंच बरं होतं, तर शब्दाखाली टिंबं द्यायची. म्हणजे राहू द्या. जुळाऱ्याला कळतं."

लॅटेकडिफमध्ये तशी सोय नव्हती. मी सांगितलं. काका 'अरेरे' म्हणाले आणि पेपरातलं शब्दकोडं तपासायला गेले. सोडवायला नव्हे.

निबंध स्वीकारला गेला. छापूनही आला. मी पेढे आणले, छापील प्रत काढली, आणि काकांच्या हातात दोन्ही ठेवलं. त्यांनी पेढा बाजूला ठेवला आणि पेन्सिल काढली. मी म्हटलं, "काका, आता छापून झालंय." ते म्हणाले, "वाचायला काही मनाई नाही ना?"

दोन दिवस ते वाचत होते. भौतिकशास्त्राचा गंध नाही, पण मुद्रितशोधकाला अर्थ लागलाच पाहिजे असं नाही. उलट अर्थात गुंतलेल्या डोळ्यातून अक्षर निसटतं, असं त्यांचं मत. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रत परत दिली. चौदा पानांत एकच खूण होती. शेवटच्या पानावर, संदर्भसूचीच्या वर, ऋणनिर्देशात. माझं वाक्य होतं: 'वुई थँक अवर टीचर', म्हणजे आम्ही आमच्या गुरूंचे आभार मानतो. छापलं होतं 'वुई टँक'. 'टी' आणि 'ए'च्या मध्ये एक नाजूक काकपद होतं आणि समासात गळलेला 'एच'.

"सरांचा रणगाडा केलास रे," काका म्हणाले.

शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राने हरकत घेतली नव्हती, कारण टँक हा चांगला धडधाकट शब्द आहे. मी धावत जाऊन सगळे मसुदे काढले. पहिल्यापासून सातव्यापर्यंत तो शब्द तसाच. सात प्रतींत काळा. लॅटेकडिफचं काही चुकलं नव्हतं. बदललेलं दाखवणं त्याचं काम, आणि हे कधी बदललंच नव्हतं. सर ते वाक्य सोडून गेले होते, कारण शिष्याने आपले आभार कसे मानले ते निरखून वाचणं त्यांना संकोचाचं वाटलं असणार. दुसऱ्या परीक्षकाने साडेतीन पानं लिहिली होती, पण तोही ऋणनिर्देशापर्यंत पोचला नव्हता. आणि मी? मी निळं वाचत होतो.

हिय्या करून सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. शुद्धिपत्र छापायची विनंती करतो म्हणालो. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग हसण्याचा आवाज आला, आणि सर म्हणाले, "राहू दे रे."

मी काकांना तसं सांगितलं. काकांनी प्रत मागून घेतली, चष्मा पुसला, आणि 'टँक'च्या खाली पेन्सिलीने एकेक करून चार टिंबं दिली. मग पेढा उचलला.